अविनाशने बांधलेलं लाल फडकं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही — आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही अविनाशला ओळखत नाही म्हणून.

पण आधी गाडीबद्दल बोलू द्या. घरी येणाऱ्या कुणाचीच त्यातून सुटका होत नाही, तुमची तरी का व्हावी?

भोपाळच्या अवधपुरीत माझ्या घरामागे वर्कशॉप आहे. बैठकीच्या खोलीहून मोठं — सुनंदा, माझी बायको, हे पाहुण्यांना कपाळाला हात लावून सांगते. आत एक जुनी अँबॅसिडर उभी आहे, पण तुम्हाला ती ओळखू यायची नाही. छप्पर कापून खाली आणलंय, बॉनेट काढून टाकलंय, पुढे उघडं दणकट इंजिन, मागे हे एवढे रुंद टायर, आणि रंग आमसुली. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. भोपाळात दुसरी असेल तर दाखवा! भंगारवाल्याच्या आवारात कोंबड्या बसायच्या तिच्यात. तिथून आम्ही तिला इथवर आणलं. आम्ही — म्हणजे मी आणि अविनाश.

अविनाश मूळचा ग्वाल्हेरचा, मी पुण्याकडून नोकरीसाठी आलेला. एकाच कारखान्यात, एकाच शॉपमध्ये — म्हणजे विभागात — आमची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, आम्ही ही गाडी घेतली. तेव्हा मी हबीबगंजला भाड्याने राहत होतो. तिथे जिन्यालगतच्या शेडमध्ये काम चालायचं. जागा इतकी अरुंद, की एका बाजूला जायचं तर गाडीच्या आतूनच पलीकडे उतरावं लागे. मी वेल्डिंगवाला. छप्पर माझं, खालचा सांगाडा, म्हणजे चासी, माझी. पण इंजिन त्याचं. आतलं एकेक बेअरिंग त्याने बसवलं, एकेक बोल्ट त्याने आवळला. आवळताना तो डोळे मिटून घ्यायचा. मी त्याची थट्टा करायचो — झोप लागली का रे?

मग घर बांधलं, मागे वर्कशॉप बांधलं, आणि गाडी हलवायची वेळ आली. ट्रकवर चढवताना तेल सांडू नये म्हणून अविनाशने इंजिनातलं ऑइल काढून डब्यात भरलं आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं. ही आमच्या शॉपची पद्धत. मशीन चालवण्याजोगं नसलं की ज्याच्याकडे काम आहे त्याने लाल फडकं बांधायचं, आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी साहेबानेसुद्धा. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवायचो. चांगला दरडावून.

गाडी आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर. सुनंदाने औक्षण केलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. अविनाशला लगेच उज्जैनला भाच्याच्या मुंजीला निघायचं होतं. जाता जाता म्हणाला, "देख मधू, मी रविवारी येतो. पहला सेल्फ आपण दोघं मिळून मारू. तोपर्यंत हात नाही लावायचा, क्या?"

"अरे, म्हणजे काय!" मी म्हटलं.

म्हणजे काय ते ऐका आता.

त्याच आठवड्यातली एक दुपार. सुनंदा भिशीला गेलेली. नव्या वर्कशॉपात ऊन आलं होतं आणि गाडी पहिल्यांदाच मला चारी बाजूंनी दिसत होती. मी तिच्याभोवती नुसत्या फेऱ्या मारत होतो. आणि मला वाटलं — कसं सांगू? — की ही माझी आहे. जागा माझी, घर माझं. मग तिचा पहिला आवाज मी वाटून का घ्यायचा?

लाल फडकं दिसलं नाही असं म्हणू? दिसलं. ब्रेकचं काही राहिलं असेल, आपण तर जागेवरच चालू करतोय, असं मनाला समजावत मी गाठ सोडली. अविनाश ऑइल काढत होता तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला ते आठवलं नाही — की आठवायचं नव्हतं?

काय आवाज होता तो! आजही सांगताना छाती फुलते. मी एकटाच हसत होतो, डोळ्यांत पाणी होतं, आणि पाय ॲक्सिलरेटर दाबत होता. दाबतच होता. मग इंजिनाच्या पोटातून टकटक सुरू झाली. ऑइलचा काटा पाहिला. तो हललाच नव्हता. चावी फिरवून बंद केलं, मान वर केली, तर ऑइलचा भरलेला डबा समोरच्या फळीवर. इंजिन मी कोरडंच पळवलं होतं.

मी फडकं परत बांधलं. त्याच्यासारखीच गाठ मारली. सायलेन्सरचं तोंड पुसलं, हात धुतले आणि चहा टाकला.

रविवारी अविनाश सहकुटुंब आला, इस्त्रीचा सदरा घालून. स्वतः फडकं सोडलं, स्वतः ऑइल भरलं, मग माझा हात धरून चावीवर ठेवला आणि वर स्वतःचा. इंजिन चालू झालं. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. मी सगळ्यांकडे बघत होतो, अविनाशकडे सोडून. टकटक सर्वांत आधी त्यालाच ऐकू आली. त्याने हातातला पेढा तसाच ताटात परत ठेवला.

इंजिन उघडलं. बेअरिंग ओरबाडून निघालेलं. तो बराच वेळ ते हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "यार, माझ्याच हातून झालं. नीट आवळलं नाही मी."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं तर काम होतं! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "होतं रे असं. वय झालं आपलं." मोठ्या मनाने माफ केल्यासारखं म्हटलं. ऐकणाऱ्यांना मी फार भला माणूस वाटलो असेन.

इंजिन नव्याने बांधलं ते मी. तो शेजारी बसून हत्यारं देत होता. पाना पुढे केला तर म्हणायचा, "तूच कर. मेरे हाथ का भरोसा नहीं अब." घरच्या गळक्या नळालाही तो आता प्लंबर बोलावतो — हे त्याच्या बायकोने सुनंदाला सांगितलं, हसत हसत.

गेल्या हिवाळ्यात अरेरा कॉलोनीतल्या एका मैदानात हौशी लोकांच्या गाड्या मांडल्या होत्या. आमच्या गाडीभोवती ही गर्दी! इंजिन चालू केलं तर लोक बोलायचे थांबले. अविनाश माझ्या शेजारीच होता, माझ्याइतकाच खूश. एका तरुणाने वाकून पाहिलं आणि विचारलं, "अंकल, इंजिन किसने बनाया?"

अविनाशने माझ्याकडे बोट दाखवलं. "इन्होंने. मैंने तो एक बार बिगाड़ ही दिया था."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून त्या घेतल्या. आणि खोटं कशाला सांगू — मला फार अभिमान वाटला.