न जोडलेली रेघ

अर्जुनी मोरगावात बसस्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याच्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि म्हणूनच आमच्या पाणीवापर संस्थेचे नकाशे मी त्याच्याकडेच नेतो. तयार चौकोन-गोल त्याला चालत नाहीत. तलाव असो की धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, प्रत्येकाचा आकार तो माउसने स्वतः काढतो. रेघेचं शेवटचं टोक पहिल्याला जुळलं की टेबलावर थाप मारतो, कारण जुळल्याशिवाय कॉम्प्युटर आत रंग भरत नाही. "फुटल्या बांधीत पाणी राह्यते का जी?" हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागतं.

यंदा आमच्या संस्थेचे अध्यक्षही माझ्यासोबत दुकानात आले; त्यांना आमसभेसाठी सगळी शेतं निळी, म्हणजे पाणी मिळालेली, हवी होती. त्याने कालव्याच्या टोकाच्या बांध्या पांढऱ्याच ठेवल्या होत्या.

"तिथं पाणी पोचूनच नाही राहिलं जी."

"नकाशा आमचा आहे. भर निळा."

त्याने वाद घातला नाही. त्या बांध्यांची रेघ एकेका कोपऱ्यात तोडली आणि माउस अध्यक्षांपुढे सरकवला. "भरा."

अध्यक्षांनी क्लिक केलं, पुन्हा केलं. पांढरं ते पांढरंच.

"पाणी पोचलं म्हणजे सांगजा," तो म्हणाला, "रेघ जोडून देतो."