वजनाच्या अटीस शिथिलता मिळणेबाबत

परदेशी खेळाडूंनी पकडण्याआधीच आमची पुतणी रेवा स्वकीयांच्या पुरणपोळीने पकडली गेली, ही वस्तुस्थिती प्रारंभीच नमूद करतो.

परदेशातील स्पर्धेसाठी भारताच्या महिला कबड्डी संघात रेवाची निवड झाली आणि आमच्या हिंदी मुलखातल्या अयोध्या नगर वसाहतीच्या मराठी मंडळींत जणू मुलीचे लग्नच ठरले! रोज एका घरी जेवण. या भोजनांचा क्रम आखण्याची जबाबदारी साहजिकच मजकडे आली. (कचेरीबाहेर हयातभर अर्ज लिहिणाऱ्या माणसाखेरीज हे अन्य कोणास जमणार?) कुठे वडाभात, कुठे पाटवड्या, श्रीखंड तर सर्वत्र. रेवा ताटावर हात आडवा धरी. मी तो हात सन्मानपूर्वक दूर करी.

"काका, बस ना! आमच्यात वजनाची लिमिट असते. जरा ज्यादा झालं की सीधा बाहेर!"

"अगं, यजमानांचा अवमान होतो! आणि जेथे अट असते तेथे शिथिलतेची तरतूदही असतेच."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आमच्या सौ. मंदाने विचारले.

"अनुभवाने!"

अंतिम वजनाच्या आदल्या दिवशी रेवा किराणावाल्याच्या काट्यावर, गव्हाचे पोते उतरवून, उभी राहिली. त्याने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला.

"बिटिया, ज्यादा है."

"गेलं ना माझं सिलेक्शन!" रेवा माझ्यावर कडाडली. "आता रिझर्ववाली जाणार, और मैं यहाँ बैठके श्रीखंड खाऊँगी! खुश?"

तत्क्षणी दोन स्वेटर चढवून ती भर उन्हात धावू लागली. मार्गदर्शनार्थ मी मागून स्कूटरवर.

"गती वाढव!"

"काका, तुम्ही घरी जा, यार!"

त्यातच एका बाल्कनीतून कुलकर्णीवहिनी ओरडल्या, "रेवा, आज आमच्याकडे बासुंदी आहे हं!" (मनुष्याने किती सहन करावे!)

उपाशी पोर धावून धावून वाळत असताना मी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. मी अर्ज लिहिला. 'सदर अतिरिक्त वजन खेळाडूचे वैयक्तिक नसून समाजाच्या स्नेहाचे असल्याने त्याचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' सोबत पहिलीपासूनची सर्व प्रमाणपत्रे, ढालींची छायाचित्रे आणि मजबुतीसाठी जाड पुठ्ठ्याची बांधणी.

"हे काय बाड?" मंदा म्हणाली.

"सहपत्रे!"

सकाळी टी. टी. नगरच्या मैदानावर मी ते बाड ट्रेनरसाहेबांपुढे धरले. त्यांनी पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले.

"काकाजी, मशीन अर्जी नहीं पढती. हटिए, लडकी को आने दीजिए."

अर्ज नाकारणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. ते नंतर मागवून घेतात. म्हणून मी बाड रेवाच्या हाती दिले. "जवळ असू दे. विचारतील तेव्हा पुढे कर." तहानेने ओठ सुकलेली ती पोर वाद घालण्याच्या अवस्थेतच नव्हती. बाड छातीशी धरून ती काट्यावर चढली.

ट्रेनरसाहेबांनी फक्त आकड्यावर डोळे रोखले. "ओवर है, बेटा. थोडा सा, पर ओवर है." आणि ते दुसऱ्या मुलीचे नाव पुकारू लागले.

रेवाचा चेहरा पाहवेना. मी घसा साफ करून म्हणालो, "महोदय, आता तरी अर्जाचा विचार..."

"अहो!" कुंपणापलीकडून मंदा किंचाळली. सगळे मैदान वळून पाहू लागले. "आधी ते बाड घ्या तिच्या हातातून!"

ट्रेनरसाहेबांनी बाड उचलले, हातात तोलून पाहिले आणि बाजूच्या बाकावर ठेवले. आकडा खाली घसरला, थरथरला, मर्यादेच्या केसभर आत येऊन थांबला.

"पास!"

रेवा काट्यावरून उडी मारून उतरली आणि आधी पाण्याच्या माठाकडे, मग काकूच्या गळ्यात. (माझ्याकडे आलीच नाही, हेही नमूद करतो.)

ती परदेशी गेली, खेळली, पदक घेऊन आली. सत्काराचे भाषण मीच लिहिले होते. रेवाने ते हाती घेतले, वजन अजमावले आणि न वाचताच टेबलावर ठेवून दिले. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या!