हॅलमसाहेबांची एकशे त्रेचाळीस चित्रं

रामभाऊ पहिल्यांदा ग्रंथालयात आले तेव्हा शरयूला आधी माणूस दिसलाच नाही. दिसला तो कोट. मुलाने सेलमध्ये घेतलेला तो कोट एवढा मोठा होता, की त्यात रामभाऊ, त्यांचं बिऱ्हाड आणि एखादा पोटभाडेकरू सुखाने राहिला असता. कोटावर माकडटोपी, टोपीवर मफलर आणि मफलरवर चष्मा. हा सगळा ऐवज फिरत्या दारात शिरला, तीन फेऱ्या मारून पुन्हा रस्त्यावर गेला आणि दुसऱ्या खेपेला दारानेच हार मानली. न्यू जर्सीत त्या जानेवारीत पडलेल्या बर्फापैकी निम्मा तरी त्यांच्या बुटांबरोबर आत आला असावा. त्या ढिगाऱ्यातून आवाज आला,

"नमस्कार मॅडम. मी बुद्धभूषणचा बाप. अक्षर वाचायला आलो."

शरयू मूळची पुण्याची. पंधरा वर्षं अमेरिकेत काढून या छोट्या कला-ग्रंथालयात संगणकाचं काम बघत होती. २००३ साली तिच्या डोक्यावर एक विचित्र प्रकल्प येऊन बसला होता. एकोणिसाव्या शतकात लंडनला जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांचे लिलाव होत. त्यांचे कॅटलॉग छापले जात आणि लिलावाचा कारकून प्रत्येक चित्राशेजारी समासात दोन गोष्टी हाताने लिही: किती बोली लागली आणि चित्र कुणी घेतलं. हे सगळं संगणकात भरायचं होतं. अडचण एवढीच, की कारकुनाचं अक्षर शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळाल्यासारखं होतं. पीएचडी करणाऱ्या दोन मुली चष्म्याचे नंबर वाढवून घेऊन सोडून गेल्या होत्या. तेव्हा जवळच्या एडिसन गावात राहणारा आणि ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळणारा बुद्धभूषण म्हणाला होता, "माझ्या बाबांना बोलवा. घरी बसून ते नाश्त्याच्या सिरियलच्या डब्यावरचे इन्ग्रेडियंट्स वाचतायत."

रामभाऊंनी नागपूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं काढली होती. इंग्रजांच्या काळातले कागद, वाळवीने अर्धे खाल्लेले नकाशे, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. शरयूने भीत भीत पहिलं पान समोर ठेवलं. रामभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे? हे तर छापल्यासारखं आहे. तुम्ही आमच्या काटोलच्या तलाठ्याचं अक्षर पाह्यलं नाही मॅडम. तो स्वतःची सही दुसऱ्याला विचारून वाचायचा."

"काका, मला मॅडम नका म्हणू. शरयू म्हणा."

"बरं, मॅडम."

आणि ते सुटले. आठवड्यात शंभर पानं. बुद्धभूषण सकाळी सोडून जायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. मध्ये रामभाऊ, कॅटलॉग आणि डब्यातली झुणका-भाकर. चित्रकलेशी त्यांचा आजवर संबंध आलेला नव्हता, पण मतं दुसऱ्याच दिवशी तयार झाली. "ज्यात काहीच दिसत नाही ते रेम्ब्रां," ते शरयूला समजावत. "आणि ज्यात गाय दिसते ते कुणाचंही." एका हंगामात सत्तेचाळीस रेम्ब्रां विकलेले पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "हा माणूस जेवत कधी होता?"

मार्चमध्ये त्यांना हॅलम सापडला.

समासात हे नाव पुन्हा पुन्हा येत होतं. हॅलम, हॅलम, हॅलम. बारा वर्षांत या माणसाने एकशे त्रेचाळीस चित्रं घेतली होती आणि इतिहासाच्या एकाही पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता. रामभाऊ हरखले. नोंदींवरून त्यांनी हॅलमचं चरित्र रचायला घेतलं. माणूस अविवाहित, बायको असती तर पाचव्या चित्रालाच थांबला असता. घर मोठं, चित्रांची मापं मांडून त्यांनी भिंतींचं क्षेत्रफळ काढलं आणि किमान अकरा खोल्या मंजूर केल्या. स्वभाव दयाळू, कारण भेग गेलेलं, काळं पडलेलं, कुणालाच नको असलेलं चित्र हटकून हॅलमच घेई. एडिसनच्या घरात जेवताना तो चुलतकाका असल्यासारखा त्याचा विषय निघू लागला. सात वर्षांच्या नातीने, हिमानीने, विचारलं, "आजोबा, डिड ही हॅव अ डॉग?" रामभाऊंनी विचार करून सांगितलं, "असलाच पाहिजे. एकटा माणूस."

शरयूलाही हॅलम आवडला. तिचं शिक्षण संगणकाचं, चित्रांचं नव्हे. तिने संचालकांना सांगितलं आणि ग्रंथालयाच्या वार्तापत्रात रामभाऊंसाठी एक अख्खं पान ठेवलं गेलं. 'एक विस्मृत संग्राहक', लेखक रामभाऊ.

ही बातमी ऐकून रामभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मॅडम, छत्तीस वर्षं मी लोकांची नावं लिहिली. दोन-अडीच लाख तरी असतील. माझं स्वतःचं नाव छापून आलं ते फक्त लग्नाच्या पत्रिकेत. तेही मामांनी घातलं होतं."

त्यानंतर लेखाचे अकरा मसुदे झाले. इंग्रजी शरयूने तपासलं. "नोबल" हा शब्द सोळा वेळा आला होता, तो तिने चारवर आणला. नागपूरला फोन गेले. काटोलच्या त्या तलाठ्यालाही कळवण्यात आलं.

अंक शुक्रवारी छापायला जाणार होता. बुधवारी दुपारी रामभाऊ दोन कॅटलॉग छातीशी धरून शरयूच्या टेबलापाशी आले. भाकरीचा डबा तसाच बंद होता.

"मॅडम, घोटाळा आहे."

१८४१च्या कॅटलॉगमध्ये कर्नल स्टॅनर नावाच्या मालकाचं एक चित्र होतं: तीन गायी, एक गुराखी, डाव्या कोपऱ्यात भेग. घेणार हॅलम. १८४३च्या कॅटलॉगमध्ये तेच चित्र, त्याच गायी, तीच भेग. विकणार कोण? पुन्हा कर्नल स्टॅनर.

"हॅलमने परत विकलं असेल त्यांना," शरयू म्हणाली.

"मग मधला फेरफार कुठाय? जमीन असो की गाय, मालक बदलला की नोंद पाहिजे. मी सकाळपासून आणखी एकोणीस चित्रं काढली. सगळीकडं तेच. हॅलम घेतो आणि दोन वर्षांनी मूळ मालकच विकायला काढतो." ते खुर्चीत बसले. "ह्या माणसाच्या घरी एकही चित्र गेलेलं नाही. ह्या माणसाला घरच नाही मॅडम. पुरेशी बोली लागली नाही, की लिलाववाला अब्रू राखायला हे नाव लिहून चित्र मालकाला परत देत होता. बेनामी! छत्तीस वर्षं बेनामी व्यवहार पकडले मी, आणि इथं येऊन त्याला कुत्रा पाळून दिला."

शरयूने ग्रंथालयाला सल्ला देणाऱ्या बोस्टनच्या वृद्ध प्राध्यापकांना ईमेल केला. दहा मिनिटांत उत्तर आलं. हो, तशीच पद्धत होती. प्रत्येक लिलावघराची अशी दोन-तीन ठरलेली नावं असत. हे सर्वांना ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे शोध म्हणून लिहावं तर तोही शिळा.

शरयूने दार लोटून घेतलं. "काका, वार्तापत्र चारशे लोकांना जातं. त्यातले तीनशे न उघडता टाकून देतात. छापून जाऊ द्या ना लेख. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना बापा," रामभाऊ म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ते तिला मॅडम म्हणाले नव्हते. "खोटी नोंद करा म्हणून आमच्याकडे आमदाराची माणसं यायची. चहा पाजून परत पाठवायचो. आता ह्या वयात स्वतःलाच चहा पाजायची वेळ आणू?"

"पण तुमचं नाव..."

"राहू द्या. हॅलमचं तरी कुठं होतं?" ते हसले, पण हातातल्या लेखाची घडी त्यांनी चार वेळा घातली आणि चार वेळा उघडली. मग ती शरयूच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली आणि पुन्हा संगणकासमोर जाऊन बसले.

एकशे त्रेचाळीस नोंदींमधलं हॅलमचं नाव काढून तिथे 'विक्री झाली नाही' असं भरायला त्यांना दीड दिवस लागला. वार्तापत्राच्या त्या पानावर पार्किंगचे नवे नियम छापून आले. मे महिन्यात रामभाऊंच्या व्हिसाची मुदत संपली आणि ते नागपूरला परत गेले.