विरजण

महाळुंग्यातल्या एका कंपनीच्या गेटवर काका वॉचमन होते. कंपनीची जमीन म्हणजे पूर्वीचं त्यांचंच शेत. मी तिथे झाडांच्या मुळांची माती न्यायला जायचो. तिच्यातला डीएनए काढून मुळांशी नांदणारी बुरशी ओळखणं हे माझं काम. मी खणलं की ते चिमूटभर माती हुंगायचे आणि डोळे मिटून कुठेतरी हिंडून यायचे. मग म्हणायचे, "हाय, जागी हाय."

बुरशीचं नाव काढल्यावर मात्र आधी रागावलेच. "आमच्या मातीला बुरशी न्हाई लागत, राव!" ही बुरशी झाडाला पाणी पाजते म्हटल्यावर हसले. "मग विरजण म्हणा की."

कंपनीने बांधावरचा जुना करंज तोडला, त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्यांनी त्याच्या बुडाची माती जेवणाच्या डब्यात भरली आणि गेटजवळच्या नव्या रोपांच्या मुळांशी चमच्याने हलकेच घातली.

वर्षाने मी त्या रोपांची मुळं तपासली. कुठल्याच यादीत नाव नसलेली, पूर्वी मला करंजाखालच्या मातीत सापडलेली बुरशी तिथे होती. अहवालात 'अनोळखी' लिहिलं आणि त्यांना फोन लावला.

"काका, विरजण लागलं."

पलीकडून, ते माती हुंगताना घ्यायचे तसा एक लांब श्वास तेवढा ऐकू आला.