राजम्याचे रोमन

ही गोष्ट सुधीरलाही ठाऊक नव्हती. सुधीर म्हणजे माझा नवरा. एका छपराखाली जन्म काढला, त्याचं घोरणं सोसलं, त्याच्या आईची बोलणी पचवली, पण हे काही त्याच्यापाशी बोलता आलं नाही. आता तो नाही. आज तुम्ही निवांत बसला आहात, म्हणून म्हणते – ऐका. मध्येच मी भरकटले तर भरकटू द्या. त्या दारापर्यंत सरळ चालत जायला माझे पाय धजत नाहीत.

आधी लढाई सांगते. दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, घाबरू नका.

ओहायोत, कोलंबसच्या बाजूला डब्लिन आहे, तिथे आम्ही राहत होतो. ऐंशीनंतरचा काळ. मोजकीच मराठी घरं, त्यामुळे दर शनिवारी पाळीपाळीने एकेकाकडे जेवण. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. जेवणं आटोपली की दातारकाका टेबलावरचा पसारा बाजूला सारत आणि बटर कुकीजचा निळा गोल डबा उघडत. त्यात कुकीज कधीच नसायच्या. राजमा, काबुली चणे, शेंगदाणे आणि तळाशी थोड्या सुपाऱ्या. राजमा म्हणजे रोमन. चणे म्हणजे रोमच्या हाडवैऱ्यांचा, कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि त्याची फौज. शेंगदाणे दोन्हीकडचे घोडेस्वार. सुपाऱ्या म्हणजे हत्ती, ते क्वचितच बाहेर पडत.

काका नागपूरचे, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. पण लढाई मांडायला लागले की त्यांचा आवाजच बदलायचा. कॅनीची लढाई सगळ्यांत लाडकी. राजमा एवढा की टेबलभर पसरायचा, चणे त्याच्या निम्म्याने. हॅनिबलने आपली मधली फळी मुद्दाम पुढे फुगवून ठेवलेली. रोमन तिच्यावर तुटून पडले, ती मागे सरकत गेली, आणि रोमन आत शिरत गेले. "हे बघा, सेंटर मागे येऊन राहिलं, पण पळून नाही राहिलं!" काका बोटाने चणे हळूहळू ओढायचे. मग दोन्ही बाजूंनी चणे मिटायचे, मागून शेंगदाणे यायचे, आणि राजमा असा कोंडला जायचा की रोमन शिपायाला तलवार उचलायला जागा उरत नसे. मुलं श्वास रोखून बघायची. आम्ही बायकासुद्धा भांडी विसळायची सोडून दारात उभ्या राहायचो.

पण काकांचं खरं प्रेम हॅनिबलवर नव्हतं. ते होतं हरलेल्या रोमवर. एका दुपारी अख्खी फौज कापली गेली, घराघरात रडारड, आणि तरी तहाचा शब्द कुणी तोंडातून काढला नाही! रोमच्या दोन सेनापतींपैकी एक रणात पडला. दुसरा, वारो, जीव वाचवून निसटला. त्यानेच हट्टाने लढाई ओढवून घेतली होती, असं म्हणत. तो तोंड लपवत परत आला तेव्हा रोमने काय केलं असेल? कार्थेज असतं तर जिवंत ठेवलं नसतं. रोमची माणसं, लहानथोर सगळी, वेशीबाहेर त्याला सामोरी गेली आणि म्हणाली – तू आपल्या राज्याची आशा सोडली नाहीस, तुझे आभार. इथे काका दर वेळी हातातला राजमा खाली ठेवायचे. मग ते म्हणायचे, "जिंकून येणाऱ्याला घ्यायला कोणीही जातं. हरून येणाऱ्याला घ्यायला जायला गाव मोठं लागतं."

मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल! सासरी पत्रात लिहिलं होतं. माझ्याइतकं ते कुणाला पाठ नव्हतं.

आणि काका तसे होतेच. मी पहिल्यांदा अमेरिकेत उतरले तेव्हा सुधीरबरोबर विमानतळावर काका-काकू दोघं आले होते. काकूंच्या हातात त्यांचा स्वतःचा कोट होता, माझ्यासाठी आणलेला. सुधीरला नोकरी काकांनीच आपल्या कंपनीत मिळवून दिलेली. पहिला हिवाळा मी त्यांच्या स्वयंपाकघरात काढला म्हटलं तरी चालेल. माणसाने माणसाला आणखी काय द्यायचं असतं?

मग मंदी आली आणि कंपनीने काकांना ले-ऑफ केलं. सुधीर राहिला.

नोकरी गेलेल्या माणसाभोवती आपली माणसं कशी वागतात, पाहिलंय तुम्ही? कुणी वाईट बोलत नाही. फक्त आवाज खाली येतात. काका मात्र शनिवारी येत राहिले, डबा घेऊन. तोच शर्ट, तीच कडक इस्त्री. मला त्यांचा अभिमान वाटायचा – खरंच वाटायचा. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातंय.

आमची पाळी आली त्या शनिवारी सुधीरने त्याच्या साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं. काकांना काढणारे तेच साहेब. आमच्या ग्रीन कार्डचे कागद कंपनीच्या हातात होते, सुधीरची खुर्चीही डगमगत होती. मला वाटलं, साहेब आणि काका एका टेबलाशी कसे बसणार? काका काही बोलले तर? साहेबांना अवघडल्यासारखं झालं तर? हे मी कारण म्हणून देत नाहीये. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतेय. डोक्यात एवढंच होतं – काका नकोत.

मी सुधीरला आणि बाकीच्यांना सांगितलं, काका-काकू क्लीव्हलंडला चाललेत, काकूंच्या बहिणीकडे. आणि काकांना फोन करून सांगितलं, "काका, या शनिवारचं कॅन्सल केलंय. मला ताप आहे." वर थोडी खोकलेसुद्धा.

काय अक्कल पाहा माझी! आपल्या माणसाला ताप आहे म्हणून सांगितलं तर तो काय करेल? घरी बसेल?

शनिवारी साहेब आले, दारात बूट काढायचे म्हणून आधी गोंधळले, मग हसत हसत काढले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, दातार नाही आले? मला त्यांच्याशी जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, ते आउट ऑफ टाउन आहेत. साहेब म्हणाले, टू बॅड. त्यानंतर थोड्याच वेळात बेल वाजली.

दारात दातारकाका. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात नॅपकिनमध्ये बांधलेलं स्टीलचं पातेलं. काकूंनी माझ्यासाठी मुगाची पातळ खिचडी पाठवली होती.

माझ्या अंगावर जरीची साडी होती. गळ्यात तन्मणी. पाठीमागे हसण्याचा गलका आणि मसालेभाताचा वास. आणि माझ्या पायांशी बुटांचा ढीग. ओळखीचे बूट, सगळ्या शनिवारांचे. काकांनी त्या बुटांकडे पाहिलं. आतून साहेबांचा आवाज आला, तोही त्यांनी ओळखला असणार. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेलं.

दार सताड उघडायचं, एवढंच करायचं होतं मला. ज्या माणसाला काकांशी बोलायचं होतं तो आतल्या कोचावर बसला होता. काय बोलायचं होतं? दुसऱ्या खात्यात जागा होती? माफी मागायची होती? मला कधीच कळलं नाही. मी काय केलं सांगू? मी बाहेर पायरीवर आले आणि दार पाठीमागे ओढून घेतलं.

काका म्हणाले, "गरम आहे तोवर खाऊन घे. थंडीत उभी नको राहू, ताप वाढेल." आणि बर्फावरून जपून पाय टाकत गाडीकडे गेले.

खिचडी मी धुण्याच्या मशीनमागे लपवली. रिकामं पातेलं परत करू नये म्हणून दोन दिवसांनी त्यात साखर घालून दिलं. रीत सोडली नाही बघा मी, रीत तेवढी सांभाळली.

पुढच्या शनिवारी काका येणार नाहीत अशी माझी खात्री होती. आले. डबा घेऊन आले. कुणीतरी सहज विचारलं, "काय काका, क्लीव्हलंड कसं होतं?" माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सुधीर शेजारीच उभा होता. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही.

"थंडी होती फार," ते म्हणाले, आणि राजमा मांडायला लागले.

मी त्या माणसाला वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि तोच मला सामोरा आला. असं मोठेपण मी पुन्हा कुणात पाहिलं नाही. आणि मी? तेव्हा तरी बोलले? त्यांना गाठून एकदा पाया पडले? नाही. मला हायसं वाटलं. वाचले, असं वाटलं.

पुढे काकांना नॉर्थ कॅरोलिनात काम मिळालं. निघण्याआधीच्या शनिवारी त्यांनी पहिल्यांदाच आम्हाला झामाची, कॅनीनंतर कित्येक वर्षांनी झालेली लढाई मांडून दाखवली. सुपाऱ्यांचे हत्ती चालून आले, राजम्याने रांगांमध्ये वाटा मोकळ्या सोडल्या, हत्ती त्यातून निघून गेले आणि हॅनिबल अखेर हरला. मग काकांनी आधी कधी न सांगितलेलं सांगितलं – कॅनीहून परतलेल्या सेनापतीचे आभार मानले, पण वाचलेल्या साध्या शिपायांना रोमने शिक्षा म्हणून सिसिलीत धाडलं होतं. वर्षानुवर्षं घरी येऊ दिलं नाही. "मॅनेजमेंट सगळीकडे सेमच," काका हसले. "पण झामाला लढले, त्यात हेच हाकललेले होते. रुसून नाही बसले."

जाताना त्यांनी तो निळा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "शनिवार चालू ठेव, शोभा."

मी ठेवले. कॅनी मांडली, वारो सांगितला, वेशीवरची माणसं सांगितली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते माझं कौतुक करायचे. काका वारले त्यालाही आता खूप दिवस झाले. डबा अजून वरच्या फळीवर आहे.

काका, मला त्या शनिवारी ताप नव्हता.