मागच्या दाराचा उंबरठा

यांना लकवा मारला तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले होते. गोळ्या द्यायच्या, अंग पुसायचं, भात मऊ शिजवायचा, एवढं हातांना कळायचं. बाकी मी त्या घरात असून नसल्यासारखी होते.

यांची उजवी बाजू गेली होती. एकदा भाच्यांनी चाकाच्या खुर्चीसकट उचलून समोरच्या दारातून बाहेर काढलं, तर पायरीवर खुर्ची कलंडली आणि हे तोंडावर पडले. त्यानंतर खोलीबाहेर यायला तयारच होईनात. सगळी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलात पायी फिरण्यात गेलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्या भिंतीपलीकडेच आमचं परस, त्यात मोहाचं झाड, कुंपणाला लागून बोडीचं, म्हणजे लहानशा तळ्याचं पाणी. खोली आणि परस एकाच पातळीत. भिंत फोडून तिथे दोन पल्ल्यांचा काचेचा दरवाजा लावला, की खुर्ची ढकलत थेट मोहाखाली नेता येईल, असं मुलीने सुचवलं आणि फोनवर फोटो पाठवला. शेजारीण म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. काम सुरू झालं.

मिस्त्री गावातलेच, मुसलमान. आमच्या घराची सगळी दारं-खिडक्या त्यांच्याच हातची. फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला. "फ्रेंच दरवाजा म्हणते काय पोरगी? बनवून देतो बाई. पण सागाचाच बनवीन."

चौकट उभी राहिली तशी त्यांनी दर वेळेसारखी हाक मारली, "बाई, ताट आणा." मी हळद-कुंकू नेलं. उंबरठ्यावर बोटं ओढली, फूल ठेवलं, नमस्कार केला. लग्न होऊन आल्यापासून हेच करत आले, तेच हातांनी केलं. हा उंबरठा इथे कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मिस्त्रींच्याही आलं नाही.

पल्ले बसले, काचा लागल्या, सिमेंट वाळलं. मी यांना खुर्चीत बसवून दारापाशी नेलं आणि दोन्ही पल्ले बाहेर ढकलले. खुर्चीची पुढची चाकं लाकडाला थडकून थांबली. करायला गेले एक, झालं भलतंच.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "बाई, मले वाटलं फोटोत उंबरठा कापल्या गेला असन. उंबरठ्याबिगर माणसाचं घर असते काय?"

"आता कापून टाका भाऊ."

"दुसरं काईबी सांगा. तुमची पूजा झाली त्याच्यावर. माह्या हातानं नाई होणार."

मग दोन्हीकडून फळ्या टेकवून पाहिल्या. खुर्ची वर चढली, पण पलीकडे उतरताना पुढे कलली. यांनी धडधाकट हाताने चौकट गच्च धरली. तोंडाचा रंगच उडाला होता. मी खुर्ची मागे ओढली.

"राहू दे," हे जड जिभेने म्हणाले. "इथूनच दिसते न सगळं."

तेव्हा माझ्या आत काहीतरी भडकलं. राग आला मला. यांचा, मिस्त्रींचा, त्या कुंकवाचा, सगळ्यांचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं आणि तो राग होता. "पाहासाठी नाई फोडली मी भिंत!" मी ओरडले.

मिस्त्रींच्या पेटीतली करवत उचलून मी जमिनीवर बसकण मारली. जुना साग, दाद देईना. कुंकू भुशात मिसळत होतं. मिस्त्री तोंड फिरवून उभे राहिले. थोड्या वेळाने तसेच पाठमोरे म्हणाले, "बाई, करवत तिरपी धरा." मी तिरपी धरली. एक टोक सुटलं.

दुसरं टोक कापायला घेतलं तर लाकूड हलायला लागलं, करवत अडकायला लागली. माझे हात भरून आले होते. तेवढ्यात समोर हालचाल झाली. यांनी डावा पाय खुर्चीवरून खाली घेतला, उंबरठ्यावर ठेवला आणि सगळा भार देऊन लाकूड दाबून धरलं.

"काप," हे म्हणाले.