तुरटीच्या पाण्यातले सहा फोटो

मला राग फार लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या रागाचा मोठा वाटा आहे. आता गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय वर्तमानपत्र दिसत नाही, पण राग आहे तसाच धडधाकट आहे. घरातले म्हणतात, ही म्हातारी देवाशीसुद्धा भांडेल. भांडेन की! पण ज्या एका माणसाशी भांडायला नको होतं तिच्याशी भांडून बसले, त्याची ही गोष्ट आहे.

बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते. नागपूरहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. भवानीपुरात एका बंगाली कुटुंबाच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. बाबा, आई आणि मी, तिघंच. मी तिथल्याच कॉलेजात शिकले आणि बी.ए. झाले. पास झाल्याबद्दल मामानं पुण्याहून एक बॉक्स कॅमेरा पाठवला आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. ग्रंथालयातून पुस्तकं आणून फिल्म धुवायला शिकले. न्हाणीघराच्या खिडकीला कांबळं लावून भर दुपारी आत काळोखात बसायची. आई बाहेरून ओरडायची, "अगं, जिवंत आहेस ना? शिजून निघशील आत!"

धर्मतल्ल्याजवळ फोटोग्राफीची एक शाळा होती. तिथं वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स होता. मला तिथं जायचं होतं. बाबांना मी बी.टी. करून शिक्षिका व्हायला हवी होते. आमचा दोन आठवडे वाद चालला. शेवटी बाबा म्हणाले, "ठीक आहे. एकदा अर्ज कर. घेतलं तर जा, मी आडवा येणार नाही. नाही घेतलं तर दुसऱ्या दिवशी बी.टी.चा फॉर्म भरायचा आणि पुन्हा या घरात फोटो हा शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. बाबा शब्दाला पक्के होते आणि मीही त्यांचीच मुलगी. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका अर्जावर होणार होतं.

अर्जाबरोबर सहा फोटो द्यायचे होते. आपणच काढलेले, आपणच धुतलेले, आपणच छापलेले, आणि सोबत त्यांच्या निगेटिव्ह. फॉर्मच्या तळाशी एक ओळ छापलेली होती: हे सर्व काम मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय केले आहे. त्याखाली सही करायची.

मी मोठ्या थाटात पहिलं रीळ काढलं, आणि ते हातचं गेलं. कलकत्त्याचा मे-जूनचा उकाडा ज्यानं सोसलाय त्यालाच हे कळेल. नळाचं पाणीसुद्धा कोमट यायचं. फिल्मवर जो चित्राचा थर असतो तो गरम पाण्यात फुगतो, मऊ पडतो. मी धुवायला घातलेल्या फिल्मचा थर कडांनी सुटत गेला आणि दुधावरची साय बोटाला यावी तसा माझ्या बोटाला आला. आठच्या आठ फोटो गेले. मी न्हाणीघरातच फतकल मारून बसले. अर्जाच्या शेवटच्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

दुसरं रीळ आणलं. बाबांचा फोटो गच्चीवर घेतला, हातात वर्तमानपत्र, चेहरा नेहमीचा कचेरीतला. खालच्या घरमालकांची म्हातारी आई उन्हात कैऱ्यांच्या फोडी पसरत होती, तिचा घेतला. एक वळणावरच्या ट्रामचा, एक कातड्याच्या पखालीतून रस्ता शिंपडणाऱ्या भिस्त्याचा, असं करत आठ पुरे केले. पुन्हा काढायला वेळ राहिलेला नव्हता. हे रीळ गेलं की सगळं संपलं, हे मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं आणि आईलाही.

या वेळी पहाटे माठात भरून ठेवलेलं गार पाणी वापरलं. फिल्म धुवायच्या औषधांपुरतं ते पुरलं. फिल्म बाहेर काढली, उजेडात धरली. आठही फोटो उमटले होते! आता औषध निघून जायला ती अर्धा-पाऊण तास साध्या पाण्यात राहायला हवी होती, आणि माठ रिकामा. त्या काळी घरात दोन नळ असत, एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा धुण्याभांड्यासाठी गंगेच्या न गाळलेल्या पाण्याचा. पिण्याचा नळ दुपारी बंद. काय करणार? गंगेचं पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून बादलीत घेतलं. तरी ते ताकासारखं गढूळच दिसत होतं. फिल्म त्यात सोडली, मनात देवाचं नाव घेतलं आणि बाहेरच्या खोलीत फॉर्म भरायला जाऊन बसले.

आई माहेरची सांगलीची. पावसाळ्यात कृष्णा लाल होऊन वाहायची, ते पाणी घागरीत भरून त्यात तुरटी फिरवायची आणि निवळलं की वापरायचं, हे तिच्या हाताला लहानपणापासून लागलेलं वळण. कलकत्त्यात आल्यावर तर तिला रोजच कृष्णेचा पूर भेटला. गढूळ पाण्याची बादली दिसली की तिचा हात आपोआप कोनाड्यातल्या तुरटीकडे जायचा. त्या दुपारी न्हाणीघरात शिरली, तिला वाटलं मी बाबांच्या संध्याकाळच्या अंघोळीचं पाणी भरून ठेवलंय. तिनं तुरटी घेतली आणि फिरवली.

मी परत आले तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत बादलीत होता.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. लाज वाटते. पण थोडं लिहायलाच हवं, नाहीतर खोटं होईल. "तुला काही कळतं का?" असं ओरडले. "जन्मभर चूल आणि पाणी! तुझी सांगली तुझ्यापाशी ठेव!" असंही ओरडले. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. आईनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि एवढंच म्हणाली, "मला दिसलं नाही गं." मग ती स्वयंपाकघरात गेली.

मी रडत रडत फिल्म बाहेर काढली, पुन्हा गाळलेल्या पाण्यात खळबळली आणि चिमट्यानं दोरीवर लटकवली. नासली, असंच धरून चालले होते. रात्री जेवले नाही. सकाळी पाहते तर फिल्म खणखणीत वाळलेली! ना कड सुटली होती, ना साय आली होती. मी म्हटलं, नशीब माझं! नशीब, बघा. आईचं नावसुद्धा मनात आलं नाही. चार दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. फोटो छापले, सही ठोकली, अर्ज देऊन आले.

आठवड्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. शाळेचे प्रमुख एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते, पांढरंशुभ्र धोतर, बोटं औषधांनी तपकिरी झालेली. शेजारी एक तरुण मास्तर. प्रमुखांनी माझी निगेटिव्ह उचलली, प्रकाशात धरली आणि कडेवरून नखानं हळूच खरवडली. मग इंग्रजीत म्हणाले, "या उकाड्यात बाकी सगळ्यांच्या निगेटिव्हच्या कडा सुटून आल्यात. तुमची दगडासारखी घट्ट आहे. पाण्यात काय घातलं होतंत?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काहीतरी घातलंय. बहुतेक तुरटी. गरम हवेत थर घट्ट करायला आम्ही तीच घालतो, पण ते आम्ही इथं आल्यावर शिकवतो. तुम्हाला कुठून कळलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुस्तकात वाचलं म्हणाले असते तर तिथल्या तिथं शाबासकी मिळाली असती. खरं सांगते, शब्द जिभेवर आला होता. पण आईचा पदराला पुसलेला हात डोळ्यांपुढे आला आणि तो शब्द काही केल्या बाहेर पडेना. "मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "आईनं फिरवली. चुकून. गढूळ पाणी आहे असं समजून."

तरुण मास्तरांनी फॉर्मच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. कोणाच्याही मदतीशिवाय. खाली माझी सही. प्रमुख म्हणाले, "उद्या आईंना घेऊन या."

घरी आले. आई भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. तीच म्हणाली, "झालं ना वाटोळं माझ्या तुरटीनं? बोल काय बोलायचं ते."

"वाटोळं नाही झालं आई. तुरटीनंच वाचलं," असं म्हणाले आणि मोठ्यानं रडायला लागले. भाजीची सुपली तशीच मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "वेडी का काय," म्हणाली, "मग रडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं नऊवारी नेसलं, नथ घातली आणि आम्ही ट्राममधून धर्मतल्ल्याला गेलो. प्रमुखांनी उभं राहून तिला नमस्कार केला. आईचं बंगाली बाजारापुरतं, त्यात हिंदी मिसळलेलं, पण ती मागे हटणारी नव्हती. त्यांनी विचारलं, तुरटी किती घालता? ती म्हणाली, घालायची नसते, फिरवायची असते. अंगठ्याएवढा खडा घ्यायचा, पाण्यात बुडवलेली बोटं दिसत नसली तर अकरा फेरे, नखं दिसत असली तर सात, आणि मग पाण्याला हात लावायचा नाही. प्रमुखांनी ते वहीत लिहून घेतलं. मी बघतच राहिले. जन्मभर चूल आणि पाणी असं मी जिला हिणवलं होतं, तिचं बोलणं तो मोठा माणूस विद्यार्थ्यासारखा लिहून घेत होता.

मग त्यांनी सहाही फोटो तिच्यापुढे मांडले. बाबांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "टळटळीत उन्हात काढलाय, तरी सावलीकडचा गालसुद्धा नीट दिसतोय. हा उजेड कुणी शिकवला नसेल, तर मुलीची नजर चांगली आहे." मी मनातून फुलले. आणि मग त्यांनी विचारलं, "आता मला खरं सांगा. या कामात तुम्ही मुलीला मदत केलीत का?"

माझं सगळं तिच्या एका उत्तरावर होतं, आणि गेल्या पंधरा दिवसांत मी तिच्याशी कशी वागले होते ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

"मदत?" आई म्हणाली. "ही मदत करू देईल तर ना! एकदा चुकून हात लागला, तर मला काय काय बोलली ते तुम्हाला सांगायची सोय नाही. अख्खं घर गोळा झालं. मग जेवली नाही, चार दिवस बोलली नाही. एवढीशी ओली पट्टी, आणि तिच्यापायी आईवर ओरडली. लग्नाची बोलणी मोडली तेव्हासुद्धा हिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. साहेब, माझ्या हातून नासायचं राहिलं एवढंच. काम सगळं तिचं आहे."

प्रमुख खळखळून हसले. तरुण मास्तरही हसले. प्रमुखांनी फॉर्म ओढला, वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "सोमवारी दहा वाजता या. उशीर चालत नाही." आईला कळलं नाही, मी सांगितलं, तेव्हा तिनं भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीला हात जोडले.

परतीच्या ट्राममध्ये बायकांच्या बाकावर जागा मिळाली. कशीबशी म्हणाले, "आई, मी फार वाईट बोलले गं तुला. तरी तू..."

"ते जाऊ दे," ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून, ट्राममध्ये कुणाला मराठी कळणार होतं कोण जाणे, माझ्या कानाशी लागली. "ती चादर मी धरली होती ते नाही सांगितलं हं मी."

"कुठली चादर?"

"अगं, ह्यांचा फोटो काढलास तेव्हा. चेहरा एका बाजूनं काळा येतोय म्हणालीस, म्हणून त्या गालावर उजेड पडायला मी पांढरी चादर ताणून धरली नव्हती का गच्चीवर? तासभर 'जरा वर, जरा खाली' करत होतीस."

अरे देवा! मी साफ विसरले होते. इतकी विसरले होते, की प्रमुखांपुढे बसून आपण किती खरं बोलतोय असं वाटत असतानाही मला ती आठवली नव्हती. आत्ता तुम्हाला त्या फोटोची हकिकत सांगतानासुद्धा चादर मुद्दाम गाळली ती म्हणूनच. तासभर चादर धरून राहिलेली आई माझ्या मनात कधी उभीच नव्हती.

मी ताडकन उठले. "चल, उतर. आपण परत जाऊ. सांगून येऊ त्यांना."

तिनं माझा हात धरून खाली ओढलं. "बस गुपचूप. चादर धरली म्हणजे काय फोटो काढला का मी? मी नसते तर दोरीवर टाकली असतीस, तेच काम झालं असतं."

मी बसले. सोमवारी दहाच्या आत शाळेत पोचले, वर्षभर शिकले आणि पुढची चाळीस वर्षं याच कामावर जगले. लोकांनी माझं कौतुक केलं, मी ते घेतलं. पण त्या शाळेचं दार उघडलं ते आईमुळे, आणि ते उघडावं म्हणून तिनं आपली किंमत कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी केली.